स्वस्त वाइन म्हणजे वाईट वाइन? किंमत, बुडबुडे आणि आपलं मत, सगळं सोप्या शब्दांत

'हजार रुपयांच्या आत चांगली वाइन कोणती?'

नाताळ ते थर्टी फर्स्टच्या दिवसांत हा प्रश्न सोशल मीडियावर हमखास दिसतो. त्याखालची उत्तरंही ठरलेली असतात. एक जण ब्रँडचं नाव टाकून मोकळा होतो. दुसरा म्हणतो, 'ही वाइन नाही, सरबत आहे.' तिसऱ्याच्या मते भारतीय वाइन प्यायचीच नसते. कोणाला नेमकं काय आवडलं आणि का आवडलं, हे मात्र या गर्दीत क्वचितच कळतं.

याचं एक कारण साधं आहे. वाइनबद्दल बोलायची आपल्याला धास्ती वाटते. आपण चुकीचं काही बोललो तर? मग किमतीचाच आधार घेतला जातो. महाग ती चांगली, स्वस्त ती कामचलाऊ.

पण बाटलीवरची किंमत चवीबद्दल किती सांगते? स्पार्कलिंग वाइन आणि शॅम्पेन यांच्यात फरक काय? आणि आपलं मत दुसऱ्याच्या उपयोगी पडेल असं कसं मांडायचं? समजून घेऊया.

दुकानातल्या किमतीत काय काय असतं?

काचेची बाटली, बूच, लेबल, खोका आणि वाहतूक हा खर्च स्वस्त वाइनलाही असतो आणि महागड्या वाइनलाही. त्यावर द्राक्षांचा खर्च येतो. एका वेलीवर कमी घड ठेवले तर रस अधिक दाट मिळतो, पण उत्पादन घटतं. वाइन ओकच्या लाकडी पिंपात मुरवली तर पिंपाचे पैसे आणि थांबण्याचा वेळ, दोन्ही किमतीत मिळवले जातात. हे झाले चवीशी संबंध असलेले खर्च.

त्यापुढचे खर्च चवीशी संबंध नसलेले. त्यातला सगळ्यात मोठा कराचा.

भारतात येणाऱ्या विदेशी वाइनवर वर्षानुवर्षं सीमाशुल्क आणि उपकर मिळून १५० टक्के कर राहिला आहे. म्हणजे बंदरावर ५०० रुपयांना उतरलेली बाटली कर भरताच १,२५० रुपयांची होते. त्यावर राज्याचे कर, आयातदाराचा आणि दुकानदाराचा नफा. युरोपात रोजच्या जेवणासोबत घेतली जाणारी साधी वाइन मुंबईत 'इम्पोर्टेड' म्हणून मिरवते, ती या हिशेबामुळे.

अलीकडच्या व्यापार करारांमध्ये हे शुल्क टप्प्याटप्प्यानं कमी करण्याच्या तरतुदी येऊ लागल्या आहेत. ऑस्ट्रेलियासोबतचा करार डिसेंबर २०२२ मध्ये लागू झाला. त्यातली सवलत ५ डॉलर किंवा त्याहून जास्त आयात किंमत असलेल्या बाटल्यांनाच आहे. सगळ्यात स्वस्त विदेशी वाइनला या कराराचा फायदा नाही.

महाराष्ट्रातल्या वाइनचं गणित वेगळं आहे. राज्य सरकारनं २००१ मध्ये द्राक्ष प्रक्रिया उद्योग धोरण आणलं. राज्यातल्या द्राक्षांपासून बनवलेल्या वाइनला उत्पादन शुल्कात सवलत मिळाली. नाशिक जिल्ह्यात विंचूर आणि सांगली जिल्ह्यात पलूस इथे वाइन पार्क उभे राहिले. पुढे मूल्यवर्धित कराचा मोठा भाग उत्पादकांना परत देणारी योजनाही आली. नाशिकची बाटली महाराष्ट्रात एका किमतीला मिळते आणि दुसऱ्या राज्यात बऱ्याच जास्त किमतीला, याचं कारण प्रत्येक राज्याची स्वतंत्र करपद्धत हे आहे. आतली वाइन तीच असते.

म्हणून हजार रुपयांची नाशिकची वाइन आणि हजार रुपयांची विदेशी वाइन यांची थेट तुलना फसवी ठरते. पहिलीत तुमच्या पैशातला जास्त वाटा बाटलीतल्या वाइनसाठी जातो, दुसरीत करासाठी.

महाग वाइन जास्त चवदार लागते का?

यावर गंमतीदार संशोधन झालं आहे.

२००८ मध्ये कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी लोकांना मेंदूच्या स्कॅनरमध्ये झोपवून नळीनं वाइन पाजली. एकच वाइन एकदा ५ डॉलरची म्हणून दिली, एकदा ४५ डॉलरची म्हणून. महाग म्हणून दिलेली लोकांना जास्त आवडली. ते शिष्टाचार म्हणून तसं सांगत होते असंही नाही. सुखद अनुभवाशी जोडलेला मेंदूचा भागही त्या वेळी जास्त सक्रिय दिसला. किंमत कळली की चवीचा अनुभवच बदलतो.

त्याच वर्षी रॉबिन गोल्डस्टीन आणि सहकाऱ्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. किंमत आणि नाव झाकून केलेल्या ६ हजारांहून अधिक चाखण्यांची माहिती त्यांनी तपासली. सामान्य लोकांना महाग वाइन सरासरी किंचित कमीच आवडली होती. वाइनचं प्रशिक्षण घेतलेल्यांच्या बाबतीत मात्र किंमत आणि आवड यांचा थोडा मेळ दिसला.

तज्ज्ञांचं काय? रॉबर्ट हॉजसन यांनी कॅलिफोर्नियातल्या एका मोठ्या स्पर्धेत परीक्षकांना एकाच बाटलीतली वाइन नकळत तीनदा दिली. तिन्ही वेळा जवळपास सारखे गुण देणारे परीक्षक दहात एखादेच निघाले.

यावरून सगळ्या वाइन सारख्याच असतात, असा अर्थ काढू नका. चांगल्या-वाईटात फरक असतो आणि सवयीनं तो ओळखताही येतो. पण किमतीचा कागद चिकटलेला असताना आपली जीभ तटस्थ नसते, एवढं नक्की.

बुडबुडे येतात कुठून?

स्पार्कलिंग वाइनमध्ये किंमत आणि चव यांचा संबंध सगळ्यात स्पष्ट दिसतो, तो बनवण्याच्या पद्धतीमुळे. द्राक्षांच्या रसातली साखर यीस्ट खातं, तेव्हा अल्कोहोल आणि कार्बन डायऑक्साइड तयार होतो. साध्या वाइनमध्ये हा वायू उडून जातो. तो कोंडून ठेवला की बुडबुडे मिळतात. कोंडायच्या मुख्य पद्धती तीन.

*१. बाटलीत.* तयार वाइन बाटलीत भरून त्यात लिटरमागे साधारण २४ ग्रॅम साखर आणि यीस्ट घालतात आणि झाकण लावतात. बाटलीच्या आत पुन्हा आंबण्याची क्रिया होते. मग मेलेल्या यीस्टच्या गाळासोबत वाइन कित्येक महिने पडून राहते. या गाळामुळेच ताज्या पावाचा, टोस्टचा वास येतो. शेवटी बाटल्या तिरक्या करून, फिरवत फिरवत गाळ मानेशी आणतात, मान गोठवतात आणि झाकण काढताच गाळ दाबानं बाहेर फेकला जातो. या पद्धतीला पारंपरिक पद्धत म्हणतात. शॅम्पेन अशीच बनते.

*२. टाकीत.* दुसऱ्यांदा आंबवण्याचं काम स्टीलच्या मोठ्या बंद टाकीत होतं. वाइन गाळून दाबाखालीच बाटलीत भरतात. इटलीच्या फेदेरिको मार्तिनोत्ती यांनी १८९५ मध्ये या पद्धतीचं पेटंट घेतलं. पुढे फ्रान्सच्या युजीन शार्मा यांनी ती सुधारली. वेळ आणि मजुरी वाचते, म्हणून वाइन स्वस्त पडते. पावाचा वास नसतो, पण फळांचा ताजेपणा टिकतो. इटलीची प्रोसेको बहुतांश या पद्धतीची.

*३. वायू सोडून.* सोड्यासारखा कार्बन डायऑक्साइड थेट वाइनमध्ये मिसळतात. सगळ्यात स्वस्त. बुडबुडे मोठे असतात आणि ग्लासात लवकर विरतात.

पारंपरिक पद्धतीच्या बाटलीतला दाब ५ ते ६ वातावरण इतका, म्हणजे मोटारीच्या टायरच्या दुपटीहून जास्त असतो. म्हणून काच जाड असते आणि बुचावर तारेची जाळी असते. बाटली नीट गार करा, तोंड माणसांपासून दूर धरा, बूच घट्ट पकडा आणि बाटली हळूहळू फिरवा. हलवून कारंजं उडवणं व्हिडिओत छान दिसतं, पण बूच डोळ्याला लागून गंभीर इजा होऊ शकते.

सगळी स्पार्कलिंग वाइन शॅम्पेन असते का?

नाही. शॅम्पेन हे फ्रान्समधल्या एका प्रदेशाचं नाव आहे. तिथली द्राक्षं, तिथले नियम आणि किमान १५ महिने बाटलीत मुरणं, हे सगळं असेल तरच ते नाव लावता येतं. किमतीत या नावाचाही वाटा असतो.

पारंपरिक पद्धतीची पण खिशाला परवडणारी नावं जगात बरीच आहेत. स्पेनची कावा आणि फ्रान्सच्याच इतर प्रदेशांतली क्रेमाँ ही त्यातली मुख्य. दोन्ही किमान ९ महिने गाळासोबत मुरतात. युरोप-अमेरिकेत राहणाऱ्या मराठी मंडळींना शॅम्पेनच्या खर्चाशिवाय तशी चव हवी असेल, तर आधी ही दोन नावं शोधावीत.

लेबलवरचे शब्द कसे वाचायचे?

स्पार्कलिंग वाइनमध्ये गोडवा किती, हे लेबल सांगतं. फक्त शब्द जरा फसवे आहेत. एका लिटरमधल्या साखरेचा युरोपीय हिशेब असा:

- ब्रुट नेचर: ३ ग्रॅमपेक्षा कमी, वरून साखर नाही
- एक्स्ट्रा ब्रुट: ६ ग्रॅमपर्यंत
- ब्रुट: १२ ग्रॅमपेक्षा कमी
- एक्स्ट्रा ड्राय: १२ ते १७ ग्रॅम
- सेक किंवा ड्राय: १७ ते ३२ ग्रॅम
- डेमी-सेक: ३२ ते ५० ग्रॅम
- डू: ५० ग्रॅमपेक्षा जास्त

'एक्स्ट्रा ड्राय' वाचून अगदी कोरडी वाइन असेल असं वाटतं. प्रत्यक्षात ती ब्रुटपेक्षा गोड असते. पहिल्यांदाच स्पार्कलिंग घेणाऱ्यांना ब्रुट आंबट लागली, तर वाइन वाईट आहे असं समजू नका. डेमी-सेक घेऊन पाहा.

महाराष्ट्रात ही वाइन कधीपासून बनते?

सुरुवात नाशिकची नव्हे, पुणे जिल्ह्यातल्या नारायणगावची. १९८० च्या दशकात श्यामराव चौगुले यांच्या शॅम्पेन इंडाज कंपनीनं इथे पारंपरिक पद्धतीची स्पार्कलिंग वाइन बनवली. त्यासाठी फ्रान्सच्या पायपर-हाइडसिक या शॅम्पेन कंपनीचं तांत्रिक साहाय्य घेतलं. 'ओमर खय्याम' या नावानं ती परदेशात गेली. देशात 'मार्कीज द पॉम्पादूर' विकली जायची. नंतर कंपनी कर्जात बुडाली आणि २०१० च्या आसपास हा प्रवास संपला.

तोवर केंद्र नाशिककडे सरकलं होतं. राजीव सामंत यांच्या सुला विनयार्ड्सची पहिली वाइन २००० मध्ये बाजारात आली. 'नाशिक व्हॅली वाइन'ला पुढे भौगोलिक मानांकनही मिळालं. सोलापूर जिल्ह्यात अकलूजला फ्रातेली उभी राहिली. फ्रेंच समूह मोएत हेनेसीनं २०१३ मध्ये दिंडोरीच्या परिसरातून 'शाँदों' आणली. आज सुला ब्रुट आणि शाँदों ब्रुट या दोन्ही पारंपरिक पद्धतीनं बनतात. बंगळुरूजवळ नंदी हिल्स आणि नाशिक जिल्हा इथे काम करणाऱ्या ग्रोव्हर झांपाची 'स्वारे'सुद्धा त्याच पद्धतीची. मोठ्या शॅम्पेनच्या किमतीच्या लहानशा हिश्श्यात तीच मेहनतीची पद्धत चाखता येते.

यात शेतकऱ्याचा भाग विसरून चालणार नाही. वाइनचं द्राक्ष लहान, बियांचं आणि जाड सालीचं असतं. खायच्या द्राक्षासारखं ते बाजार समितीत नेऊन विकता येत नाही. वायनरीनं घेतलं नाही तर शेतकऱ्याकडे दुसरं गिऱ्हाईक नसतं. २००८ नंतरच्या मंदीत मागणी घसरली तेव्हा अनेकांनी या बागा काढून टाकल्या. 'भारतीय वाइन पिऊच नका' ही कमेंट न चाखता केलेली असेल, तर तिची किंमत कोणीतरी मोजत असतं. चाखून नावडली असेल, तर तसं सांगण्याचा हक्क अर्थातच आहे.

मत मांडायला शब्द कुठून आणायचे?

१९८४ च्या सुमारास कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या अ‍ॅन नोबल यांनी वाइनच्या वासांचं एक चक्र तयार केलं. 'सुंदर', 'उमदी' असे शब्द त्यांनी बाजूला ठेवले. फळं, मसाले, गवत, माती असे ज्याला-त्याला ओळखता येतील असेच वास घेतले. हेच तत्त्व मराठीतही चालतं, आणि त्यासाठी स्ट्रॉबेरी-ब्लॅककरंट पाठ करायची गरज नाही.

- *तुरट:* जांभूळ, सुपारी, कच्चं केळं खाल्ल्यावर जीभ आवळते ती जाणीव. रेड वाइनमधल्या टॅनिनमुळे ती येते.
- *पेरू, हिरवं गवत, ढोबळी मिरची:* सोव्हिन्यों ब्लाँक. ढोबळी मिरचीत वास देणारं रसायन या द्राक्षातही असतं, त्यामुळे ही निव्वळ कल्पना नाही.
- *काळी मिरी:* शिराझ. मिरीला वास देणारं रोटंडोन या द्राक्षाच्या सालीत सापडतं.
- *सफरचंद, नासपती, थोडा मध:* शेनिन ब्लाँक. नाशिकमध्ये भरपूर होणारं द्राक्ष.

बाकी चार प्रश्नांची उत्तरं द्या. गोड किती? आंबट किती? तुरट किती? घोट गिळल्यावर चव किती वेळ राहिली? मग पोस्ट अशी होते: 'शेनिन ब्लाँक, गार करून घेतली. किंचित गोड, कैरीइतकी नाही पण छान आंबट. कोथिंबीर वडीबरोबर जमली, नुसती प्यायला जरा पातळ वाटली. या किमतीत पुन्हा घेईन.' वाचणाऱ्याला तुमच्याशी सहमत व्हायची गरज नाही. ही आपल्यासाठी आहे की नाही, एवढं त्याला कळतं.

जेवणाबरोबर काय जमतं?

ब्रुट स्पार्कलिंगचा आंबटपणा आणि बुडबुडे तेलकटपणा कापतात. कांदा भजी, बटाटेवडा, तळलेली सुरमई यांच्यासोबत ती घेऊन पाहा. तिखट रश्शाबरोबर तुरट, जास्त अल्कोहोलची रेड घेतली तर तोंड आणखी भाजतं. तिथे थोडी गोडसर व्हाइट बरी.

'रेड वाइन रूम टेंपरेचरला प्यावी' हा सल्ला थंड देशांतल्या घरांचा आहे. मे महिन्यातल्या पुण्यातल्या खोलीचा नाही. रेडसुद्धा अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवा. स्पार्कलिंग ६ ते १० अंश सेल्सिअसला चांगली लागते.

वाइन वाईट आहे की बाटली खराब झाली आहे?

एक स्टार देण्याआधी हे तपासा. ओल्या पुठ्ठ्यासारखा वास येत असेल तर बूच बाधलेलं असतं. व्हिनेगरचा झोंबणारा वास, किंवा व्हाइट वाइनला तपकिरी झाक आणि कापून ठेवलेल्या सफरचंदासारखी चव असेल, तर हवा लागून वाइन बिघडली आहे. शिजवलेल्या जॅमसारखी चव बऱ्याचदा उन्हात, गरम गोदामात राहिलेल्या बाटलीची खूण असते. आपल्या हवेत हा धोका मोठा. दुकानात उन्हात मांडलेली बाटली घेऊ नका. आणि स्वस्त वाइन वर्षानुवर्षं कपाटात जपू नका, ती लवकर पिण्यासाठीच बनवलेली असते.

घरी परीक्षा कशी घ्यायची?

चार मित्र, तीन बाटल्या. प्रत्येक बाटली वर्तमानपत्रात गुंडाळून क्रमांक द्या. न पिणाऱ्या कोणाला तरी ओतायला सांगा. प्रत्येकानं न बोलता आधी लिहायचं, मग वाचायचं. एक जण 'मस्त' म्हणाला की बाकीच्यांना तेच जाणवू लागतं, म्हणून हा नियम. कागद शेवटी काढा.

पोस्ट टाकण्याआधी

भारतात मद्याच्या जाहिरातीवर निर्बंध आहेत. बाटली फुकट मिळाली असेल किंवा पैसे घेतले असतील, तर ते मत राहत नाही, जाहिरात होते. स्वतःच्या पैशानं घेतली असेल तर किंमत आणि शहर लिहा. करामुळे दोन्ही महत्त्वाचं ठरतं.

महाराष्ट्रात वाइनसाठी किमान वय २१ वर्षं आहे आणि १९४९ च्या दारूबंदी कायद्यानुसार पिण्यासाठी परवाना लागतो. वाहन चालवताना १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल असणं गुन्हा आहे. १२ टक्क्यांच्या ७५० मिलिलिटर बाटलीत साधारण ७१ ग्रॅम अल्कोहोल असतं, मग ती कितीही हलकी लागो. आरोग्यासाठी पूर्ण सुरक्षित असं अल्कोहोलचं कोणतंही प्रमाण नाही, असं जागतिक आरोग्य संघटनेनं २०२३ मध्ये स्पष्ट केलं आहे. 'वाइन तब्येतीला चांगली' ही ओळ पोस्टमध्ये नको.

आणि सगळं करून वाइन आवडलीच नाही तर? तसंच लिहा. आंबट लागली की गोड, तुरट की पातळ, तेवढं मात्र सांगा. 'बकवास' या एका शब्दावरून पुढच्या माणसाला दुकानात काहीच ठरवता येत नाही.